नंदाखालचं शहाळं

गेल्या रविवारी नंदाखाल गावात एका शहाळ्याने माझी पंचाईत केली. ऑफिसातल्या सिल्वियाच्या बाळाचा बाप्तिस्मा होता आणि जेवण तिच्या माहेरच्या वाडीत...

तीन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले, मणक्याला मार बसला. पाय गेले, चाकाची खुर्ची आली, हे सगळ्यांना दिसतं. लघवीची जाणीवही गेली, हे दिसत नाही आणि मी कुणाला सांगतही नव्हते. दर चार तासांनी, अलार्म लावून, मीच बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करते. घरी हे दात घासण्याइतकं सवयीचं झालंय.

बाहेर जायचं म्हटलं की मात्र आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. फुलपाड्याच्या घरून निघताना ओठ सुकलेले, पण लिपस्टिक झकास... डॉक्टरीणबाई ओरडतात, पाणी तोडलंस की इन्फेक्शन ठरलेलं. मोजून पी, वेळेवर रिकामी हो.

तर मांडवात सिल्वियाची आई शहाळं घेऊन समोर उभी. मी म्हटलं, "नको मावशी."

"आमच्या वाडीत येऊन पानी पन नाय घेनार?"

पोट बिघडलंय, असं सांगणार होते. मग माझाच मला राग आला... आणखी किती वर्षं तहानेनं काढायची?

"मावशी, मला नळीने लघवी करावी लागते. हे प्यायले तर थोड्या वेळाने दार लागणारी खोली लागेल. आणि हात धुवायला साबण."

शेजारच्या दोघी आपापल्या ताटात बघायला लागल्या. मावशींनी शहाळं माझ्या हातात दिलं.

"मंग पी की. खोली हाय ना."

शहाळं पिऊन थोड्या वेळाने आत गेले. खोली बाळ-बाळंतिणीची होती. मावशींनी आहेराच्या पिशव्या उचलून पलंग मोकळा केला, बादलीभर पाणी आणि नवा साबण ठेवला. मी पर्समधून आरसा आणि नळी काढली, तोवर बाहेर त्यांचा आवाज... "आत कोनी जायचं नाय." बाळाचं झबलं घ्यायला आलेला जावईसुद्धा हात हलवत परत गेला.

परक्या घरात ही पहिलीच वेळ. पण जमलं.

दार उघडलं तर मावशी खुर्ची टाकून तिथेच बसलेल्या. मी मोबाईलवर पुढचा अलार्म लावला आणि त्यांच्याकडे दुसरं शहाळं मागितलं.

आता पाणी तोडून कुठेही जायचं नाही, हे ठरवलंय. मला बोलावणाऱ्यांनी फक्त एक दार लागणारी खोली बघून ठेवावी... मी नक्की येणार, आणि पोटभर पाणी पिऊन येणार.