धूमकेतूच्या तारखेला माझं लग्न

आमच्या घरात पंचांग नाही. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मुहूर्त, पत्रिका, गुण जुळवणं सगळं घराबाहेर काढलं. तेव्हापासून आमच्या अमरावतीच्या घरात लग्नाची तारीख म्हणजे हॉल रिकामा आणि पाहुण्यांना सुट्टी. माझीही तशीच ठरत होती. तेवढ्यात एक नवा धूमकेतू सापडला आणि मला अवदसा आठवली.

मी शिकवणीवर्गात फिजिक्स शिकवते. वेधशाळा धूमकेतूच्या जागा जाहीर करतात, त्यावरून त्याची कक्षा काढत बसायची मला हौस. जेवताना बोलून गेले, "पृथ्वी याच्या वाटेजवळून जाईन असं दिसते. मागच्या फेरीत यानं धूळ सांडली असन, तर नोव्हेंबरात उल्का पडतीन."

बाबा तहसीलमधून निवृत्त झालेले. घास हातातच राहिला. "तारीख सांग." मी सांगितली. "मंग लग्न त्याच दिवशी! लोक ग्रह पाहून लावतात, आपण गणित करून लावू."

"लग्न दुपारी बारा वाजता," आई म्हणाली. "उल्का दिसतीन कशा?"

"दिसाले कायले पाह्यजे? पडल्या म्हणजे झालं."

डोंबलाचं गणित! नव्या धूमकेतूचे मोजकेच वेध हाती असतात. तेवढ्यावर कक्षा सांगणं म्हणजे एसटीला डेपोतून निघताना पाहून ती अकोल्याला चालली की नागपूरला ते सांगणं. नवे वेध आले, तारीख पुढे सरकली. बाबांनी हॉल बदलून घेतला. आणखी वेध आले, तारीख मागे आली. मग थेट डिसेंबर. हॉलचा मॅनेजर कावला, "साहेब, मुहूर्तवाले परवडले. ते एकदाच छळतात." जेवणाच्या कंत्राटदाराने तर फोन उचलणंच सोडलं. बाबा मात्र रोज सकाळी चहा घेऊन माझ्या टेबलाशी हजर. "काय म्हणते आपला?" दवाखान्यात भरती असलेल्या मेव्हण्याची चौकशी करावी तसा सूर.

शेवटी अकोल्याहून, जुन्या शहरातून, होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. "काय व बाई, पंचांग सोडलं त्याले दोन पिढ्या झाल्या, आन तुह्या बाबानं आता धूमकेतू धरला? पोराची रजा मंजूर झाली, रद्द झाली, पुन्हा मंजूर झाली. त्याचा साहेब इचारते, नवरी खरीच आहे का? आता लवकरची एकच तारीख पक्की करा, नाही तं आमी दुसरी पोरगी पाहू."

मला तोच मुलगा हवा होता, दुसरा कोणी नको होता.

त्याच आठवड्यात भरपूर वेध आले आणि कक्षा पक्की झाली. धूमकेतूची वाट पृथ्वीपासून लांबून जात होती. उल्का वगैरे काही नाही. मला इतका आनंद झाला की लॅपटॉप उचलून तशीच बाबांकडे धावले.

त्यांनी चष्मा लावला. पडद्यावरचं काही कळत नसताना बराच वेळ पाहिलं. "अजून वेध येतीन ना?"

"येतीन. पण आता काही हलत नाही."

"थोडं तरी?"

"नाही, बाबा."

"एखाद्या महिन्यानं तरी मागं-पुढं?"

त्यांच्या आवाजाने मी थबकले. तारीख मागे आली की हा माणूस गप्प बसायचा आणि पुढे गेली की बाजारातून जिलेबी आणायचा. इतके दिवस ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"बाबा, तुमाले मले पाठवाचंच नाही ना?"

"नाही," ते म्हणाले. आढेवेढे नाहीत, काही नाही.

"अकोला काय लांब आहे का?"

"मी तिथं एकदा सायकलनं गेलो होतो. किती लांब आहे ते मले नको सांगू." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग हॉलवर फोन लावला, मॅनेजरचा आवाज ऐकला आणि फोन माझ्या हातात कोंबला. "तूच सांग. माह्या तोंडातून निघत नाही."

मी सगळ्यात जवळची रिकामी तारीख मागितली.

"पक्की ना?" मॅनेजरने विचारलं. "का पुन्हा साहेबाचा फोन येईन?"

बाबा पाठ फिरवून उभे होते. "पक्की," मी म्हणाले.