जॉबरने कानाने निवडलेलं रिव्हॉल्व्हर

वाल्मीकला मी तीस वर्षं ओळखतो. भिवंडीत धामणकर नाक्यामागच्या यंत्रमाग कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा, आणि मी मागावर. माणूस सरळ, पण हट्टी इतका की गाढवानेही हात टेकावेत.

कारखाना बंद पडल्यावर तो वडपे गावातल्या एका गोदामात दुरुस्तीच्या कामाला लागला. तिथे दोन वर्षांपूर्वी भरदुपारी माल पळवणाऱ्यांनी चिंधू नावाच्या पहारेकऱ्याला सळईने ठार मारलं. चिंधू डोंगरातल्या पाड्यावरचा. मागे बायको बुधी आणि दोन पोरी. मारणाऱ्याचं तोंड पाहिलं ते एकट्या वाल्मीकने. त्याने पोलिसांत जबाब दिला आणि धमक्यांचे फोन सुरू झाले.

त्याने बायकोला, द्रौपदीवहिनीला, माहेरी पाठवलं आणि हत्याराच्या परवान्याचा अर्ज केला. मी भडकलो. "तुला उंदीर मारवत न्हाय आणि बंदूक घेतोस?"

"हत्यार हातात आलं तरच कोर्टात साक्ष देणार," तो म्हणाला. "न्हायतर न्हाय."

परवाना यायला सात महिने लागले. तोवर तो दर रविवारी रायफल क्लबात जाऊन क्लबच्या पिस्तुलावर नेम शिकला. हात स्थिर, नजर पक्की. शिकवणारे प्रितेश सर त्याच्यावर खूश होते.

मग आम्ही मुंबईला हत्यारांच्या दुकानात गेलो. नवं परवडणारं नव्हतंच. दुकानदाराने दोन जुनी काढली: एक चकचकीत पिस्तूल आणि एक बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, कुणा वारलेल्या डॉक्टरांचं. मी पिस्तुलाकडे बोट दाखवलं. वाल्मीकने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जुना माग घेताना जॉबर रंग बघत नाही, कान लावतो. त्याने पिस्तुलाचा खटका एकदा ओढून सोडला, मग रिकामं रिव्हॉल्व्हर कानाशी धरून गोळ्यांचं चाक फिरवलं, एकेक घर मोजलं, अंगठ्याने चाक हलवून बघितलं.

"पिस्तुलाची स्प्रिंग थकलीय," तो म्हणाला. "ह्याची घरं टाईट हायत. डॉक्टरांनी जास्त चालवलेलं न्हाय."

दुकानदार हसला. "उस्ताद, आप तो कारीगर निकले." भिवंडीच्या माणसाला जुनं यंत्र कोण शिकवणार!

रिव्हॉल्व्हर घरी आलं. साक्षीची तारीख लागली, सतरा. त्या आठवड्यात पुन्हा फोन आला: "मागचं दार उघडंच असतं ना तुझं?" वाल्मीकने हे मला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं असतं तर!

तारखेच्या आधीच्या रविवारी मी त्याच्याबरोबर क्लबात गेलो. त्याने घरून भरूनच आणलेलं रिव्हॉल्व्हर सरांसमोर समोरच्या लक्ष्यावर रोखलं आणि चाप ओढला. नुसतं खट्.

"नळी समोरच ठेवा, बोट चापाबाहेर," सर ओरडले. "थांबा."

अर्धं मिनिट थांबलो. पुढची गोळी उडाली, तिच्यापुढची नाही. सहांतल्या चार उडाल्याच नाहीत. सरांनी काडतुसं काढून बोटाने पुसली. बोट तेलकट.

"तेल कधी देता?"

"दर शुक्रवारी," वाल्मीक अभिमानाने म्हणाला. शुक्रवार आमच्या मागांच्या सुट्टीचा, तेलपाण्याचा. "भरपूर. सगळ्या सांध्यांत."

"काडतुसं आत ठेवून?"

"ती काढली आणि तेवढ्यात कोण आलं तर?"

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, हा काय माग आहे? काडतुसात तेल मुरलं की दारू मरते. कोण अंगावर आलं असतं तर मेला असतात."

वाल्मीक खाली बसला, फरशीवरच. माझ्याकडे बघेना. मग म्हणाला, "गुरुवारी तू डबा घेऊन मागच्या दाराने आलास."

"हो. नेहमीच येतो."

"ऊन तुझ्या पाठीमागं होतं. तोंड दिसलं न्हाय. मी चाप ओढला."

त्याच्या घराशेजारच्या कारखान्यात चोवीस माग धडधडत होते. मला ते खट् ऐकूच आलं नव्हतं. मी फक्त "जेवलास का रे?" असं विचारलं होतं, आणि तो टॉवेलखाली हात घालून घामाघूम बसला होता. ताप आलाय म्हणाला. मी मूर्ख, गोळी आणायला धावलो.

मी त्याला आईबापावरून शिव्या दिल्या. मरणाची भीती मला त्या दिवशी कळली, तीही तीन दिवस उशिरा.

सोमवारी त्याने रिव्हॉल्व्हर पोलीस स्टेशनला जमा केलं आणि साक्षीला जाणार नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "जाशील. मी गाडी चालवतो, तू मागे बस. मारायला कोणी आला तर आधी मला मारेल. मला आता त्याची सवय हाय."

तो हसला नाही. पण सतराला सकाळी शर्ट इस्त्री करून उभा राहिला.

कोर्टात बुधी पहिल्या बाकावर होती. वाल्मीकने आरोपीकडे बोट दाखवलं. मग आरोपीचा वकील उठला. "तुम्ही फार घाबरलेले दिसता. घाबरलेल्या माणसाची ओळखण्यात चूक होऊ शकते ना?"

वाल्मीकने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"होते, साहेब," तो म्हणाला. "माझी झालीय. पण चिंधूला मारलं तेव्हा मी घाबरलेलो नव्हतो. घाबरायला लागलो ते त्याच्या नंतर."