पंचमीला आलेली लेक

पिंके, फोन जरा कानाजवळ धर, आजीचं ऐक अन् आधी ते मुसमुसणं बंद कर. नांदेडच्या त्या क्लासवाल्या सायबानं ‘ॲडमिशनला आलेल्या पोरींना माय म्हणू नको’ म्हटलं, म्हणून नोकरी सोडतं का कुणी?

आत्ताच बांगड्यांचं खोकं उघडलं, अन् त्यातल्या पेंढ्याच्या वासानं मला लातूरच्या आपल्या जुन्या दुकानात नेलं. भूकंपाला वर्ष होत आलं होतं. एक सासू नव्या सुनेला बांगड्या भरायला घेऊन आली. पोरीनं हात आखडून धरलेला. मी सवयीनं म्हटलं, “दे माय, हात सैल सोड लेकी.”

सासू म्हणाली, “मावशी, तुम्ही ज्याला त्याला लेक म्हणता. हिचं माहेर भूकंपात गेलं. नेता का पंचमीला?”

“हाव, नेते की,” मी हसून म्हटलं. दुकानातलं बोलणं ते. पण पोरीचा हात एकदम मऊ झाला अन् हिरवी बांगडी अलगद चढली.

पंचमीच्या आदल्या दिवशी बघते तर ती पायरीवर उभी, हातात कपड्याची पिशवी. “आले मावशी,” म्हणाली अन् माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी पिशवी घेतली, दुकानाला कुलूप लावलं अन् तिला घरी नेलं.

तेव्हा वाटलं, बोलून बसले. आता वाटतं, लई बरं झालं बोलले. तुझी शालूआत्या ती हीच.

म्हणून म्हणते, तोंडात माय येत असंल तर येऊ दे. अन् पंचमीला शालू येऊन राहिली, तू बी ये. मनगटावरचं ते घड्याळ काढून ये, बांगड्या भरायच्यात.