आठवा तीन

"करून बघितलंत का?" कुणी काहीही सांगो, सरांचा पहिला प्रश्न हाच. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

शिरूरच्या शाळेत ते गणित शिकवायचे, मी मराठी. तेव्हा मी चाळिशीची, गणिताला विंचवाइतकी भिणारी. पण स्टाफरूममध्ये शेवटचा शब्द माझाच!

एका दिवाळीच्या सुट्टीत सरांना नाद लागला. ३१ ही मूळ संख्या, तिला कशानेच भाग जात नाही. ३३१ लाही नाही. पुढे तीन लावत लावत ते ३३३३३३३१ पर्यंत आले. तिला हाताने भागत बसले. घरातले पाठकोरे कागद संपले, फराळ संपला, भाग काही जाईना. शाळा उघडताच त्यांनी वर्गाला सांगून टाकलं, "कितीही तीन लावा, शेवटी एक ठेवा. फुटायची नाही!" मी ते लगेच फलकावर लिहिलं, भोवती वेलबुट्टी काढली. जे कळत नाही त्याला नक्षी काढायची माझी हौस जुनीच.

कितीतरी वर्षांनी शिक्रापूरला ट्रकांच्या गर्दीत आमची एसटी अडकली. सर खिडकीच्या धुळीवर बोटाने आकडे काढत होते. आठ तीन, शेवटी एक. चाळा म्हणून सतराने भागू लागले.

"बाई, भाग गेला."

"जाऊ दे की, येईल परत," मी म्हणाले. केवढी मी विनोदी!

सरांचा चेहरा उतरला होता. "सात तिनांसाठी सुट्टी घातली, आठव्याला दोन मिनिटं दिली न्हाईत. पोरांना खोटं शिकवत राहिलो."

मग रविवारी ते जुने विद्यार्थी गाठू लागले. कारेगावात रात्रपाळी करून झोपलेल्याला उठवून भागाकार करायला लावत. तो म्हणे, "सर, असू द्या की. कंपनीत कोण इचारतंय?" सरांना ते असू देता येईना.

राहू गावाला मात्र मला धीराला नेलं. त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी तिथे सासरी शिकवणी घ्यायची. आम्ही पोचलो तर फळ्यावर तिनांची तीच ओळ, आणि पोरं सुरात म्हणतायत, "फुटायची नाही!"

सर दारातच थांबले. "पोरांनो, हे तुमच्या बाईंना मीच शिकवलं. चूक आहे. सतराने भागा."

बाकी शून्य आली. पोरांनी टाळ्या पिटल्या. तिचं तोंड एवढंसं झालं.

"सर, पोरांपुढं माझी काय पत राहिली आता?"

"तुझी न्हाई गं. माझी गेली."

"व्हय, तुमचीच! आन् आता नऊ तिनांचं सांगा. तेबी फुटतंय का न्हाई?"

सर जमिनीकडे बघत म्हणाले, "मला माहीत न्हाई."

त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. तिने एक पाटी त्यांच्या हातात दिली आणि सतरंजीवरच्या पोरांच्या रांगेकडे बोट केलं. "बसा मग."

सर आता नाहीत. मला दिसतात ते त्या सतरंजीवर, पोरांमध्ये मांडी घालून, मान खाली घालून, एकोणिसाने भाग जातो का ते बघत.