सुतकातला बर्फ

बाबांना जाऊन आठ दिवस झाले होते आणि मी स्की करायला गेले. हे वाक्य मी आजवर कुणापुढे असं सरळ म्हटलेलं नाही. इथे लिहून टाकते एकदाचं.

कोविडचं ते दुसरं वर्ष. पुण्यात आई-बाबा एकदमच आजारी पडले, पण बेड मिळाले ते दोन वेगळ्या हॉस्पिटलांत. बाबा गेले. आई ऑक्सिजनवर होती. तिच्या डॉक्टरांनी ताईला बजावलं, ऑक्सिजन सुटेपर्यंत यांना काही कळू देऊ नका, धक्का सोसणार नाही. ताईने हो म्हटलं. इकडे कॅनबेरात, गुंगालिनच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून मीही हो म्हटलं. दुसरं करणार काय होते? देशाबाहेर जायला परवानगी लागायची, ती आली नव्हती; आणि गेले असते तर परत कधी येता येईल याचा पत्ता नव्हता. बाबांचे अंत्यसंस्कार मी लंच ब्रेकमध्ये फोनवर पाहिले. साडेचार मिनिटं. मग नेटवर्क गेलं.

त्यानंतर आम्हा दोघींचं एक काम सुरू झालं. रोज ताईचा मेसेज यायचा: "आज: ताप नाही. सूप घेतलं." म्हणजे आज आईला हे सांगायचं. दोघींनी एकच सांगायचं, कमी-जास्त नको. बाबांच्या तोंडावर मास्क आहे, त्यामुळे त्यांना फोनवर बोलता येत नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. सूपानंतर मऊ भात आला. मग एक दिवस ते दहा मिनिटं खुर्चीत बसले. असे आम्ही त्यांना रोज थोडं थोडं बरं करत होतो. एकदा तर मी ताईवर उखडलेच, "एवढ्या लवकर बसवू नकोस गं त्यांना, उद्या चालायला लावशील!" आणि मग दोघीही फोनवर ढसाढसा रडलो.

आईचा व्हिडिओ कॉल वॉर्डातला सकाळचा चहा झाला की यायचा, म्हणजे इकडे साडेबाराच्या सुमाराला. बारा वाजले की मी काम सोडून उठायचे, गार पाण्याने तोंड धुवायचे, आरशासमोर दोन-तीनदा हसून बघायचे. मग कॉल. तीन मिनिटांच्या वर नाही, कारण चौथ्या मिनिटाला माझा धीर सुटायचा.

माझी एक मैत्रीण आहे, अ‍ॅडलेडला युनिव्हर्सिटीत एकत्र होतो तेव्हापासूनची, आता इथेच असते. मूळची नागपूरची. तिनेच मला स्की शिकवलं. जूनच्या, म्हणजे इथल्या ऐन थंडीतल्या, लाँग वीकेंडला ती दारात येऊन उभी राहिली.

"काहून बसून राहिली घरात? चल डोंगरावर."

"मला सुतक आहे," मी म्हटलं.

"मी काय देवळात नेऊन राहिली का तुला? नुसती चाल. वाटलं तर स्की करत खाली उतरू नको."

मला असा राग आला, दार तिच्या तोंडावर लावून घ्यावंसं वाटलं. पण आठ दिवस मी त्या घरात फक्त खोटं बोलायला तोंड उघडत होते. भिंतींचा वीट आला होता. गेले.

गाडी रिसॉर्टमध्ये लावली. सीझन नुकताच सुरू झालेला, डोंगरावर नेणारी एकच लिफ्ट चालू आणि तिच्यापुढे ही भली मोठी रांग. आम्हाला लिफ्टशी देणंघेणं नाही. आम्ही स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतो, त्याने स्की मागे घसरत नाही, आणि आपल्या पायांनी मागच्या डोंगरावर चढतो. दोन तास चढायचं, दहा मिनिटांत उतरायचं. हे पहिल्यांदा आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "तुला कुणी शिक्षा केलीय का?"

बर्फ अजून पातळ होता, मधूनमधून गवताचे झुबके आणि खडक वर आलेले. पण ऊन! काय ऊन पडलं होतं! वारा नाही, ढग नाही, झाडांच्या फांद्यांवरचा बर्फ वितळून टपटप गळत होता. मी जॅकेट काढून कमरेला बांधलं. चढताना मैत्रीण एक शब्द बोलली नाही, तिचे उपकार. एक पाय पुढे, दुसरा पाय पुढे. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, ताईचा त्या दिवशीचा मेसेज मी सकाळपासून घोकत होते, तो घोकायचा थांबलाय.

वर पोचून पट्ट्या काढल्या. नुसतं चालायचं वगैरे ठरलं होतं, ते राहिलं बाजूला. मी सुटले. पहिली पाच-सहा वळणं अशी जमली की काय सांगू! अंगात नुसतं वारं भरलं. मग एका झुबक्यात स्की अडकली आणि मी दाणकन आपटले. कॉलरमधून बर्फ थेट पाठीत. वरून मैत्रीण ओरडली, "मेली का बे?" आणि मला हसू फुटलं. उताणी पडून, पोट दुखेपर्यंत हसत सुटले.

तेवढ्यात फोन वाजला. रिसॉर्टची रेंज तिथवर येते. साडेबारा कधी वाजले कळलंच नव्हतं. हसू आवरायच्या आत मी फोन उचलला.

"अगं बाई, हा काय अवतार!" मास्कच्या आतून आई. "पडलीस ना?"

"पडले!" मी म्हटलं आणि पुन्हा खिदळले.

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तीही हसली, आणि हसता हसता खोकली.

"बाबांचा आज थोडा वेळ मास्क काढला होता," मी आपणहून सांगितलं. पहिल्यांदाच अडखळले नाही.

"हो का? मग ताईला सांग, त्यांना म्हणावं लेक कशी आपटलीय."

"सांगते," मी म्हटलं. आणि खरं सांगते, तेवढ्यापुरते माझे बाबा कुठेतरी खुर्चीत बसलेलेच होते. फोन ठेवल्यावर रडू येईल असं वाटलं. नाही आलं. आम्ही आणखी एकदा वर चढलो.

आठवड्याभराने आई घरी आली. ताईने तिला जवळ बसवून सांगितलं. मी फोनवर होते. आई ओरडली नाही, रडलीही नाही. "कधी?" एवढंच विचारलं. ताईने तारीख सांगितली. आईने बोटांवर दिवस मोजले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

बर्फातल्या त्या फोनबद्दल ती माझ्याशी बोलली महिन्याभराने. आवाज अगदी साधा, भाजी कुठली केली ते सांगावं तसा.

"मला कळलं होतं गं. मास्क असला म्हणून काय झालं, हा माणूस कुणाच्या तरी हाती दोन ओळींची चिठ्ठी पाठवल्याशिवाय राहिला असता? मी मनाची तयारी केली होती. त्या दिवशी तुला सरळ विचारणार होते, आहेत का ते. म्हणून फोन केला, तर तू बर्फात लोळत हसतेयस. तुझं रोजचं ते ठेवणीतलं हसू मला काय कळत नव्हतं? हे खरं होतं. म्हटलं, बाप गेला असता तर माझी पोरगी अशी हसली नसती. म्हणजे आहेत. त्या दिवशी मी दोन्ही पोळ्या संपवल्या. आणि पुढे आठवडाभर त्यांची वाट बघितली."



"अगं, नाटक होतं ते आई," मी म्हटलं. "तुला बरं वाटावं म्हणून केलं."



"आता तरी खोटं नको गं," आई म्हणाली.