जुनेराला खळ

माझ्या सासूबाईंना दिसत नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मान्य नव्हतं ते फक्त त्यांना. वाकळेचा टाका वाकडा गेला की दोष कापडाचा. "कंट्रोलचं कापाड ह्ये, त्येला ना उभा दोरा ना आडवा," असं म्हणून त्या सुई पुढं रेटायच्या. लढाई संपली होती, पण कापडाचा कंट्रोल संपला नव्हता, त्यामुळे ही सबब खपूनही जायची. नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या अगदी ओठावर यायचं आणि मी ते गिळायचे. लग्नाला दोन वर्षं झालेल्या सुनेनं दुसरं काय करायचं?

आमचं घर सांगलीजवळचं, कृष्णाकाठचं, उसाचं. मी औंधाच्या पलीकडची, जिथं पावसाची वाट बघण्यातच अर्धं आयुष्य जातं तिथली. त्यावरून सासूबाई मला चिडवत. तुमच्याकडं पाणी पाहुण्याला दाखवून परत ठेवत्यात म्हणे, असं त्या चारचौघींत म्हणायच्या. मीही कमी नव्हते. तुमच्याकडं पाणी आहे म्हणूनच भांडीबी दोनदा घासावी लागतात, असं मी हळूच ऐकवायची. पण त्यांच्या हातच्या वाकळांपुढं माझं काही चालत नसे. धाकट्या वयात त्यांनी शिवलेली एक वाकळ मी रोज अंथरायची. तिचे टाके उसाच्या सरीसारखे सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गल्लीतल्या बायका आपल्या वाकळांचा शेवट त्यांच्याकडून करून घ्यायच्या. बाई म्हणून त्यांना गावात जो मान होता, तो त्या सुईचा होता.

त्या वर्षी थोरले दीर पलटण सोडून कायमचे घरी आले. लढाईतून धडधाकट आलेला माणूस घरातल्या वाकळेवर बसला आणि ओरडत उठला. शिवता शिवता सासूबाईंची सुई हरवली होती, ती मांडीत अर्धी गेली. मला हसू आवरेना, म्हणून मी आत चुलीपाशी पळाले. पण बाहेर भावजी जे बोलले, त्यानं माझं हसू थांबलं. मी पहिलटकरीण, पाचवा महिना होता.

ते म्हणाले, "आये, आज माजं भागलं. उद्या तान्हं पोर असंल. आता सुई बास."

त्यांचं चूक नव्हतं. चूक नव्हतं म्हणूनच जास्त वाईट वाटलं. सासूबाईंनी वाकळ आपल्याकडं ओढून घेतली. मग त्यांनी एवढंच मागितलं की पहिल्या नातवंडाचं दुपटं तेवढं शिवू दे. ते नीट झालं तर सुई माझ्याकडं ठेवीन, नाही झालं तर काढून घे. भावजींनी पलटणीतल्यासारखी मान हलवली. ठरलं.

दोनच दिवसांत कळून चुकलं की दुपटं नीट होणार नाही. जुन्या लुगड्याचं कापड हातात नुसतं ओघळायचं. टाका घालायला घ्यावं तर दोन पदर एकमेकांवरून सरकायचे, सुई खाली पडली तर मऊ कापडात बुडून जायची. सासूबाई तळव्यानं चाचपत बसायच्या. मला त्यांचा रागही यायचा. एकदा म्हणा की मला दिसत नाही, मी ओवून देते, टीप धरते, सगळं करते! पण त्या ताकास तूर लागू देत नव्हत्या.

माझे मालक माधवनगरच्या गिरणीत होते. सुट्टीला येताना त्यांनी कापडाचे चार तुकडे आणले, गिरणीच्या खळीनं कडक झालेले, न धुतलेले. सासूबाईंनी सहज एक तुकडा घेतला, नखानं दुमड घातली आणि दुमडीवर बोट ठेवून टाके घातले. ओळ सरळ आली. सुई एकदा हातातून सुटली, तर कडक कापडावर टक् असा आवाज झाला आणि त्यांनी ती लगेच उचलली. त्यांचा चेहरा उजळला. "बघ, कापाड चांगलं आसलं की कसं हुतंय," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला समजलं. त्यांच्या बोटांना वाट हवी होती, आणि कडक कापडावर ती वाट दुमडीनं उमटत होती.

पण तान्ह्या जिवाच्या अंगाला पहिलं नवं कापड लावत नाहीत. जुनेरच पाहिजे, माणसांच्या अंगावर वापरून मऊ झालेलं. म्हणजे दुपटं व्हायचं ते मऊ जुनेराचं, आणि सासूबाईंना शिवता यायचं ते कडक नव्याचं. मी ठरवलं, जुनेरालाच काही दिवस नवं करायचं. खळ द्यायची.

कोणती खळ, यात माझा जीव मेटाकुटीला आला. भाताची पेज लावली, तर नदीकाठच्या दमट हवेत दुमड संध्याकाळपर्यंत सैल पडली. गव्हाच्या पिठाची खळ केली, तिला मुंग्या लागल्या. साबुदाण्याची खळ देखणी, कापड नुसतं चकाकतं, पण दुमडलं की पापुद्रे सुटायचे. शिवाय उपासाचा साबुदाणा कापडाला पाजते म्हणून बोलणी बसली ती वेगळीच. मग मला माहेर आठवलं. आमच्या शेजारी घोंगड्या विणणारी घरं होती आणि ती घोंगडीला चिंचोक्याची खळ देत. आमच्याकडं घोंगडी नवी असली की अंगणात उभी राहते. इथं उन्हाळ्यात चिंच फोडली की चिंचोके उकिरड्यावर जायचे. मी ते धुऊन भाजले, टरफलं काढली, भिजवून पाट्यावर वाटले आणि शिजवले.

"माझ्या नातवाला मेंढरू समजतीस व्हय?" वासावरून सासूबाईंनी ओळखलंच.

पहिली खळ इतकी घट्ट झाली की सुई आत जाईना. दुसरी पातळ केली. लुगड्याचा पदर तिच्यात बुडवून सावलीत अर्धवट वाळवला, तांब्यात निखारे भरून वरून फिरवला आणि बोट बोट अंतरावर दुमडी घालून पुन्हा दाबला. उलगडल्यावर प्रत्येक दुमड बोटाला लागत होती. मी तो पदर दुपट्याच्या खालच्या पदरांवर अंथरून सासूबाईंपुढं ठेवला आणि म्हटलं, आत्याबाई, ह्यांनी गिरणीतनं आणलेल्या कापडासारखं केलंय, आताचं कापड फारच वाईट येतं बघा. त्यांनी तळवा फिरवला. सुई उचलली.

दुपटं पुरं झालं तेव्हा भावजींनी ते उजेडात धरलं. ओळी सरळ होत्या. त्यांनी सगळीकडून दाबून पाहिलं, कुठं काही टोचलं नाही. "ऱ्हाऊ दे सुई," म्हणाले आणि शेतावर गेले. मला इतका आनंद झाला की मी तशीच अवघडलेली अंगणात दोन फेऱ्या मारून आले. सासूबाईंनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

आता खळ काढायला हवी होती, बाळाला खरखरीत चालणार नाही. मी दुपटं भिजत घातलं. पाणी बुळबुळीत व्हायचं, ते ओतायचं, नवं घ्यायचं, असं करत ते पुन्हा जुनेरासारखं मऊ झालं. वाळल्यावर आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं, कौतुक करून घ्यायला. त्यांनी तळवा फिरवला. मग बोटं फिरवली. मग दोन्ही हातांनी, या काठापासून त्या काठापर्यंत, पुन्हा पुन्हा.

"माजं टाकं कुठं गेलं गं?"

टाके होते तिथंच होते. मला दिसत होते. मी म्हटलं, आहेत की, हे काय, सरळ आलेत सगळे. त्यांनी मान हलवली आणि दुपटं घडी करून माझ्या गाठोड्यात घातलं.

सातव्या महिन्यात भाऊ मला न्यायला आला. गाडी जुंपली होती. सासूबाईंनी मला हाक मारून जवळ बसवलं. आमच्याकडं सुई कुणी कुणाच्या हातात देत नाही, भांडण लागतं म्हणतात. खाली ठेवायची, दुसरीनं उचलायची. त्यांनी माझा तळवा उघडला आणि सुई त्यात ठेवली. मी दचकले.

त्या म्हणाल्या, "लागू दे भांडान. खाली ठिवली तर कुठं ठिवली त्ये मला दिसायचं न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सुई परत द्यायला लागले, म्हटलं, भावजींनी ती तुमच्याकडंच ठेवायला सांगितलंय. त्यांनी माझी मूठ मिटली आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"त्येला सांग, आयनं दिली. काढून घ्याया लागली न्हाई."