तोंडाचा वास

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून इथे दारू मिळत नाही असं बाहेरगावच्यांना वाटतं. मिळते, फक्त लपूनछपून. पिऊन रस्त्यावर सापडला की पोलीस नेतात, म्हणून बायका दार लावून घेतात आणि विचारणाऱ्याला 'ताप आहे' म्हणून सांगतात. मी तसलं कधी केलं नाही. गावच्या महिला मंडळात मी पुढे असायची, आणि नवरा पिऊन आला तेव्हा मीच त्याला पोलिसांच्या हवाली केलं. त्यानंतर त्याने सोडली म्हणे. माझा संशय काही सुटला नाही. रोज संध्याकाळी उंबरठ्यावर त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा, मगच आत. तोही मुकाट तोंड पुढे करायचा.

त्या दिवशी धानावर फवारणी करायला गेलेला नवरा भर दुपारीच झोकांड्या खात परत आला. आरमोरीचा आठवडी बाजार होता, म्हणजे बाजाराला जाणाऱ्या कोणी तरी पाजली असणार. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुठी पिले तुमी?"

"नाई पिलो वं. डोळ्यापुढं अंधार येऊन राह्यला." एवढं बोलून तो अंगणातच आडवा झाला.

मी नाक तोंडाशी नेलं. मोहाच्या दारूचा वास नव्हता. मला वेगळीच शंका आली, कारण प्यालेला नवरा मला पाठ आहे. प्याला की त्याचं तोंड कोरडं पडतं, सारखं पाणी मागतो. आज लाळ थांबत नव्हती, अंग घामाने डबडबलं होतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. शर्ट पाठीवर ओलागच्च होता, त्याला उग्र वास येत होता. फवारणीचा पंप गळला होता.

तोवर थोरल्या जाऊबाई चिंचेचं पाणी घेऊन आल्या. "पाज त्याले. ओकंल, मंग उतरंल."

"नका पाजू बाई. दारू नाई हे, फवारणीचं औषध चढलं."

अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाजलेलं छातीत जातं. मी त्याला कुशीवर वळवलं, हातांना पिशव्या बांधून शर्ट काढला, अंग साबणाने धुतलं. शर्ट आणि औषधाची बाटली पिशवीत घट्ट बांधून सोबत घेतली आणि ॲम्बुलन्स बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरने त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. "प्यायलाय ना?"

"नाही. मी वास घेतला."

"सगळ्याच बायका असं सांगतात."

त्याचंही खरं होतं, सांगतात. पण ज्या बाईने स्वतःच्या नवऱ्याला पोलिसांत दिलं, तिच्या शब्दाला इथे काडीची किंमत नव्हती, याचा मला भयंकर राग आला. मी पिशवीची गाठ सोडली आणि शर्ट डॉक्टरच्या नाकासमोर धरला. तो झटकन मागे सरला. मग नवऱ्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि नर्सला हाक मारून इंजेक्शन मागवलं.

शुद्ध आल्यावर तो काहीतरी पुटपुटला. ऐकू यावं म्हणून मी वाकले. त्याला वाटलं, नेहमीचीच तपासणी. नळ्या लावलेल्या त्या माणसाने कशीबशी मान उचलली आणि मुकाट तोंड पुढे केलं.

मला रडू आवरलं नाही.